सूचना मीच लिहिली होती

सात रस्त्याजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली चष्म्याचं दुकान, मध्ये एका वकिलाची खोली आणि वर आम्ही. क्रिप्टोची खरेदी-विक्री करायचं ॲप चालवणारी एक बाहेरची कंपनी होती. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी माणसं एकाच शहरात मिळतात म्हणून तिनं ग्राहकांचे फोन घ्यायचं काम सोलापूरला दिलं होतं. मी मराठीच्या टेबलावर होते. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं एका शाळेच्या ऑफिसात मी दाखले लिहिले होते. इथला पगार त्याच्या दुपटीहून जास्त. विड्या वळून वळून आईच्या हाताची बोटं आखडली होती, वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, घर माझ्या पगारावर चालत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे वागले त्याचं कारण कुणी विचारलं की मी आजवर हेच सांगत आले आहे.

पहिलं वर्षभर मी नुसते फोन घेतले. ॲपवर ज्या सूचना यायच्या त्यांचं मराठी तेव्हा मशीन करायचं, आणि ते वाचून लोक आम्हालाच फोन करून विचारायचे, की बाई, याचा अर्थ काय? एकदा कंटाळून मी एक सूचना साध्या भाषेत लिहून मुख्य ऑफिसला पाठवली. तिथल्या एका मॅडमना ती आवडली. तेव्हापासून मराठीतल्या सगळ्या सूचना माझ्याकडे यायला लागल्या.

त्यात सगळ्यात अवघड सूचना असायची ती एखादं नाणं बंद करण्याची. लोकांना वाटतं, ॲपवर एकदा नाणं आलं की ते कायमचं आलं. तसं नसतं. मॅडमनी मला पहिल्यांदा हे फोनवर समजावून सांगितलं तेव्हा मी वहीत उतरवून घेत होते. ॲपवर शेकडो नाणी असतात आणि प्रत्येकामागं कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. काहींची खरेदी-विक्रीच आटून जाते, दिवसाकाठी चार माणसंही फिरकत नाहीत. अशा नाण्याचा भाव एखादा पैसेवाला एका बोटानं वर-खाली करू शकतो. काही नाणी ज्यांनी तयार केली तीच माणसं उठून निघून जातात. मग त्याच्या प्रोग्राममध्ये कुठं भोक पडलं तर बुजवायला कुणी नसतं आणि चोरांना वाट मोकळी होते. काही नाण्यांमध्ये कोण कुणाला पाठवतंय ते दिसतच नाही, ते सरकारला चालत नाही. आणि कायदा बदलला, की काल चालणारं आज चालेनासं होतं.

"मग हे सगळं सूचनेत लिहायचं का?" मी विचारलं होतं.

मॅडम हसल्या. "छे. 'नियमित आढाव्यानंतर' असं लिहायचं. कारण लिहिलं की नाणं तयार करणारे आपल्यावर दावा लावणार, आणि लोक आणखी घाबरणार."

ही सूचना जाहीर होण्याच्या दोन-तीन दिवस आधी माझ्याकडे यायची. ती कुणालाही सांगणार नाही, घरच्यांनाही नाही, अशा कागदावर माझी सही घेतलेली होती. आधी ज्याला कळतं तो आपलं नाणं दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळा होतो, आणि ज्याच्या गळ्यात पडतं त्यालाही घरदार असतंच. हे मला तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं. कन्नडच्या टेबलावरच्या एकानं त्याच्या मित्राला असंच एकदा आधी सांगितलं. मित्रानं घाईनं सगळं विकलं, कंपनीनं ते हुडकून काढलं, आणि एका सकाळी त्याला टेबलावरून उठवून जिन्यापर्यंत पोचवलं. त्याचा जेवणाचा डबा दोन दिवस खिडकीत तसाच होता. शेवटी झाडणाऱ्या मावशींनी तो रिकामा करून ठेवला.

माझी थोरली बहीण मोहोळला दिलेली आहे. दाजींचं तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दहा बाय दहाचा गाळा, पण हात असा, की पुण्यातून परत आलेला फोनही त्यांच्याकडे चालू व्हायचा. मूळचे ते सांगोल्याकडचे. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. गुडघे गेल्यावर त्यांनी मेंढरं विकली आणि मुलाकडे मोहोळला येऊन राहिले. त्या पैशातून गावाकडच्या जागेत दोन पक्क्या खोल्या बांधायचं ठरलं होतं. पण दाजींच्या दुकानात दिवसभर पोरं यायची, फोन दुरुस्त होईस्तोवर कॉइनच्या गप्पा मारायची. मोबाइलच्या पोटातलं सगळं कळणाऱ्या माणसाला हेही कळेल असं वाटणं साहजिक होतं. म्हाताऱ्यांना विचारून त्यांनी खोल्यांचं काम वर्षभर पुढं ढकललं आणि तो पैसा ॲपवर नेला. थोडा दोन मोठ्या नाण्यांत आणि बराचसा एका लहान, नव्या नाण्यात. त्या नाण्याचं नाव इथं लिहीत नाही. आता ते कुणी विचारतही नाही.

मी त्यांना घ्या म्हणाले नव्हते. सगळं एका ठिकाणी घालू नका, एवढंच म्हणाले होते. पण ॲप त्यांनी निवडलं ते माझ्यामुळं. मला ते चेष्टेनं सायेब म्हणायचे.

"आमची सायेब आतच बसल्यावर भ्यायचं कशाला?" असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. "काय झालं तर सांगशील की."

मी हसले होते. ते त्याला हो समजले. आणि त्यांनी तसं समजू नये म्हणून मी काही केलं नाही.

बुधवारी सकाळी फाइल आली. बंद करायच्या नाण्यांची यादी पाच नावांची होती आणि तिसरं नाव दाजींच्या नाण्याचं होतं.

सोबत आतल्या लोकांसाठी एक पान होतं. त्यात खरी कारणं असायची. नाणं तयार करणाऱ्यांनी कित्येक महिन्यांत प्रोग्रामला हात लावला नव्हता. त्यांना पाठवलेल्या पत्रांना उत्तर येत नव्हतं. त्याचं नेटवर्क, म्हणजे ते नाणं ज्यावर चालतं ती यंत्रणा, दोनदा तासन्‌तास बंद पडलं होतं. महिनाभर लक्ष ठेवून, मग निर्णय झाला होता. मी ते पान दोनदा वाचलं आणि मिटलं. मग सूचना लिहायला घेतली. 'नियमित आढाव्यानंतर खालील नाण्यांची खरेदी-विक्री थांबवण्यात येत आहे.' किती तारखेला विक्री थांबणार, त्यानंतर किती दिवस नाणी आपल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे ॲपबाहेरच्या डिजिटल पाकिटात, काढून नेता येतील, सगळं नीट मांडलं. शेवटची ओळ लिहिली, 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत, आपलेपणानं समजून घ्यावे.' मूळ सूचनेत आपलेपणाचं काहीच नव्हतं. ते मी घातलं. मूळ मजकूर मला कोरडा वाटला होता.

जेवायच्या सुट्टीपर्यंत काम संपलं. त्या दिवशी मी इतरांसारखीच डबा उघडून जेवले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, भाचीचा पाचवा वाढदिवस होता. अर्ध्या दिवसाची रजा मी आधीच टाकली होती. जाऊ नये असं मनात आलं, पण न जाण्याचं कारण काय सांगणार? दुपारच्या एसटीनं मोहोळला गेले. चार वाजता केक कापला. शेजारची पोरंबाळं खाऊन गेली आणि मला लवकर परतायचं म्हणून ताईनं दिवस असतानाच पानं मांडली. शेंगापोळी होती, आमटी होती, भाकरी होती. मी, दाजी आणि ताईचे सासरे असे तिघं बसलो. ताई वाढत होती.

दाजींनी माझ्या पोळीवर तूप ओतलं आणि म्हणाले, "सायेब, एक इचारू का?"

"विचारा की."

"आमचं ते कॉइन लईच निजलंय. चार म्हैनं झालं, हलंना. ठिवावं का काढावं?"

मी घास मोडत होते. "मला काय कळतंय दाजी त्यातलं. मी नुसते फोन घेते."

"तरी पण. हापिसात कायतर बोलत्यात की लोक."

"काही नाही," मी म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "चांगलं चाललंय सगळं."

"बगा," दाजी वडिलांकडे वळून म्हणाले, "म्या म्हणत न्हवतो?"

"तिला जेवू दे की रं," म्हातारे म्हणाले.

मी आणखी एक पोळी घेतली. ताईनं आग्रह केला म्हणून घेतली, पण खाल्ली सगळी.

शुक्रवारी दुपारी चारला सूचना ॲपवर गेली. पाच मिनिटांत सगळे फोन एकदम वाजायला लागले. अशा दिवशी आम्हाला काय बोलायचं ते लिहून दिलेलं असे, ते मी वाचत होते. बार्शीचे एक शिक्षक शांतपणे विचारत होते, आता विकून टाकू की काढून नेऊ? त्यांना सल्ला द्यायची मला परवानगी नव्हती. एक बाई नुसती म्हणत होती, मला कुणी आधी का नाही सांगितलं, मला कुणी आधी का नाही सांगितलं. मी त्यांना म्हणाले, सूचना सगळ्यांना एकाच वेळी देण्यात आली आहे.

साडेपाचला माझा स्वतःचा मोबाइल थरथरला. दाजी. मी जिन्यात गेले.

"आमचं कॉइन काढलं तुमी," ते म्हणाले.

"हो दाजी. आम्हालाही आत्ताच कळलं."

पलीकडे दुकानातला ड्रिलचा आवाज येत होता, तो थांबला.

"मी वाचून दावतो," ते म्हणाले. "'होणाऱ्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत, आपलेपणानं समजून घ्यावे.' बापाचं गुडघं दावायला आमी आठ दिवस सोलापूरला व्हतो तवा माज्या शटरला ही पाटी कुणी लिवून दिली व्हती? ह्येच शब्द. अजून हाय ती पाटी हितं, काउंटरखाली."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"कवा लिवलंस हे?"

"बुधवारी."

"आन जेवलीस बेस्तरवारी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी जागेवर येऊन बसले आणि सुट्टी होईपर्यंत फोन घेतले. नाण्याचा भाव तासाभरात निम्म्यावर आला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याही खाली. नाणं बंद होणार म्हटलं की सगळेच एका दाराकडे पळतात. बाहेर पडायचं असतं सगळ्यांना, आत यायचं कुणालाच नसतं. दाजींनी विकलं नाही. इतक्या कमी भावात द्यायला त्यांचं मन होईना. हे नाणं दुसऱ्या एका ॲपवर अजून चालतं, तिथं ते परत वर येईल, असं कुठंतरी त्यांनी वाचलं होतं. मी फोन केले की ताई उचलायची. "ते बोलायचं नाही म्हणतात," एवढंच सांगायची. तिचा स्वरही बदललेला होता. मग मी त्यांना लांबलचक निरोप लिहून पाठवला. नाणी काढून न्यायची असतील तर कोणतं नेटवर्क निवडायचं, आधी थोडंसं पाठवून बघायचं, कोणत्या तारखेनंतर दार बंद होईल. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही.

त्यांनी ते सगळं बरोबर केलं होतं, हे मला नंतर कळलं. मी लिहिलं तसंच, एकही चूक न करता, त्यांनी मोबाइलवर स्वतःचं वॉलेट उघडलं आणि नाणी तिकडं नेली. पण बंद पडलेल्या नाण्यावरच ते थांबले नाहीत. दोन मोठी नाणी, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं आणि जी आमच्या ॲपवर सुखानं पडून राहिली असती, तीही नेली. आमच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. आमच्यावरचा म्हणजे माझ्यावरचा.

तीन आठवड्यांनी सकाळी ताईचा फोन आला. "आम्ही सोलापुरात आलोय. सायबर पोलिसांकडं. तू ये."

मी ऑफिसातून तशीच निघाले. दाजी बाकावर बसले होते, मोबाइल दोन्ही हातांत धरून, एखादं पाखरू धरावं तसा. दाढी वाढलेली. ताई शेजारी उभी. तिनंच सांगितलं. ज्यांची ज्यांची ती नाणी अडकली होती अशा लोकांचा एक ग्रुप झाला होता, त्यात दाजी गेले होते. तिथून एका बाईचा फोन आला. मी ॲपच्या मदत विभागातून बोलतेय, तुमचं जुनं नाणं बदलून नवं मिळणार आहे, त्यासाठी वॉलेट तपासून घ्यावं लागेल, असं ती म्हणाली. वॉलेट उघडताना बारा शब्द मिळतात. तीच त्याची किल्ली. दाजींनी ते भाचीच्या चित्रकलेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. ते त्यांनी त्या बाईला एकेक करून वाचून दाखवले. दहा मिनिटांनी वॉलेट रिकामं होतं. बंद पडलेलं नाणंही गेलं आणि चालणारी दोन्हीही गेली.

आत एक हवालदार तक्रार लिहून घेत होते. नाण्याचं नाव त्यांनी तीनदा विचारून घेतलं. "पैसे कुणाच्या खात्यावर गेले?" त्यांनी विचारलं. दाजींनी मोबाइल पुढं केला. खातं नव्हतंच, इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक लांब ओळ होती. हवालदारांनी ती अक्षर न अक्षर उतरवली. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "लिहून घेतलंय. वरही पाठवतो. पण भाऊ, खोटी आशा लावत नाही तुम्हाला."

बाहेर व्हरांड्यात ताई पाणी आणायला गेली तेव्हा दाजी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. माझ्याकडे न बघता.

"लई शुद्ध बोलत व्हती ती बाई. मला वाटलं, तुमच्यातलीच हाय."

"मला एक फोन करायचा होता दाजी."

"करणार व्हतो. तुजा नंबर काडला व्हता. मग म्हणलं, ही तर कुटं खरं सांगती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी त्यांच्या चपलांकडे बघत उभी राहिले. ताई पाण्याची बाटली घेऊन आली आणि तिनं ती आधी त्यांना दिली, मग मला.

त्यानंतर महिनाभरानं मी मोहोळला गेले. का गेले ते सांगता येणार नाही. दाजी दुकानात नव्हते. कुलूप होतं. ताईचे सासरे घरापुढं घोंगडं टाकून बसले होते. मी पायावर डोकं ठेवलं तर त्यांनी पाठीवर हात ठेवला, नेहमीसारखा.

"बस," ते म्हणाले. मग विचारलं, "पोरी, मला येक सांग. आमचं नेलं कुणी म्हणायचं? तुमच्या हापिसानं, का त्या फोनवरच्या बाईनं?"

"बाईनं नेलं, मामा. ऑफिसनं फक्त विकायची जागा बंद केली."

"का बंद केली?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. जे सूचनेत लिहिता आलं नव्हतं ते सगळं. नाणं तयार करणारे सोडून गेले होते. त्यांना पत्रं पाठवली तर उत्तर येत नव्हतं. दोनदा सगळा कारभार बंद पडला होता. घेणारे-विकणारे उरले नव्हते. असं नाणं ठेवलं तर उद्या कुणीतरी त्यात आणखी लोकांना बुडवणार, म्हणून कंपनीनं ते काढलं. त्यांना नाणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण मी सांगत होते ते कळत होतं. मध्ये मध्ये मान हलवत होते.

"म्हंजी काढलं ते बरूबरच केलं," ते म्हणाले.

"हो मामा."

"आन हे त्यास्नी आदी ठावं व्हतं?"

"महिनाभर बघत होते ते."

"तुला?"

"दोन दिवस."

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मेंढरं इकली तवा," ते म्हणाले, "घेणारा मंगळवेढ्याचा व्हता. त्याला म्या सांगितलं, ह्यातली दोन लंगडत्यात. आज दिसत न्हाई, पण चालाय लागली की दिसंल. पोरगा माज्यावर लई चिडला. भाव पडला की त्येनं." मग घरात हाक मारून त्यांनी ताईला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. ताई चहा घेऊन आली, माझ्यापुढं कप ठेवला आणि परत आत गेली.

मी मॅडमना फोन केला. यापुढच्या सूचनांत खरं कारण दोन ओळींत तरी लिहू द्या, म्हणाले. माझ्या घरी काय झालं तेही सांगितलं, आणि सांगताना भीती वाटली, की आता मलाही जिन्यापर्यंत पोचवतील. मॅडमनी ऐकून घेतलं. तुम्ही नियम पाळलात, तुम्हाला कसलीही काळजी नको, असं त्या म्हणाल्या. कायदा विभागाला त्यांनी विचारलं आणि आठवड्यानं उत्तर आलं. कारण लिहिता येणार नाही. मात्र एक ओळ वाढवायला हरकत नाही. 'या काळात मदतीच्या नावाखाली येणाऱ्या कुठल्याही फोनवर आपले बारा शब्द सांगू नयेत.' आता नाणं बंद करण्याच्या प्रत्येक सूचनेत ती ओळ असते, मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत. एवढं मात्र झालं. पण ती सूचनेच्या तळाला असते आणि तळापर्यंत वाचत जाणारी माणसं थोडी. अजूनही असे फोन येतात. माणसं शब्द सांगून मोकळी झाली की मग आम्हाला फोन करतात.

दिवाळीच्या आत दाजींनी दुकान सोडलं. हात चालेना, असं ताई म्हणायची. उघडलेले फोन ते तसेच ठेवून बसायचे, गिऱ्हाईक ओरडून जायचं. चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडून त्यांना काम मिळालं. बारा तास उभं राहून डब्यांवर लेबलं चिकटवायची. म्हातारे गावाकडं धाकट्या भावाकडे गेले. खोल्यांची जागा अजून मोकळीच आहे. भाचीच्या शाळेसाठी म्हणून ताई तिला घेऊन आमच्याकडे आली, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आता ती एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जाते. मी अजून त्याच ऑफिसात आहे. सूचना अजून मीच लिहिते.

ताई माझ्याशी बोलते. आईच्या औषधांचं बोलते, पाणी किती दिवसांनी येणार त्याचं बोलते, भाचीच्या अभ्यासाचं बोलते. गेल्या रविवारपर्यंत त्या गोष्टीबद्दल मात्र कधी बोलली नव्हती. रविवारी दुपारी ती घरी आणलेल्या गणवेशांना काजं करत बसली होती. मी गहू निवडत होते. आई आत झोपली होती.

मान वर न करता ती म्हणाली, "नोकरीचं मला कळतं. तू सांगितलं असतंस तर नोकरी गेली असती. आपलं घर बसलं असतं. ते मी त्यांनाही सांगितलं."

मी ताट खाली ठेवलं.

"पण तू गप्प बसायचं होतंस की," ती म्हणाली. "नुसती मान खाली घालून जेवायचं होतंस. त्यांना कळलं असतं. चांगलं चाललंय कशाला म्हणालीस?"

नोकरीचं, सहीचं, आईच्या हातांचं, दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचं, सगळी उत्तरं माझ्याजवळ होती. या प्रश्नाला त्यातलं एकही लागू पडत नव्हतं.

"सगळे आनंदात होते गं," मी म्हणाले. "मला ते मोडवेना."

ताईनं दातानं दोरा तोडला. काज उजेडात धरून बघितलं, पटलं नाही म्हणून उसवलं आणि परत घालायला घेतलं. "मला वाटलं होतं, काहीतरी मोठं कारण असेल," ती म्हणाली.

सोमवारी तिची पाळी आठची असते. मी तिला गाडीवर मागं बसवून कारखान्याच्या फाटकापर्यंत सोडते आणि मग ऑफिसला जाते. ती उतरते, डबा घेते, पदर सारखा करते आणि सांभाळून जा म्हणते. मी हो म्हणते.